नऊ नंबरची पिशवी

आमच्या घरात तेव्हा जेवणाची ताटं आठ होती आणि मी कोकणातून बारा पिशव्या रेती घेऊन आले होते. प्रत्येक पिशवीतली रेती गोड्या पाण्यानं वेगळी धुवायची, वेगळी वाळवायची, एकीचा कण दुसरीत जाऊ द्यायचा नाही, असं भूशास्त्राच्या आमच्या गावंडे सरांनी बजावून सांगितलं होतं. समुद्राच्या रेतीत मीठ असतं. ते धुतल्याशिवाय ती कितीही उन्हात ठेवा, पुन्हा ओलसर होते. दिवाळीच्या सुट्यांमुळे नागपूरची आमची प्रयोगशाळा बंद होती. त्यामुळे सौंसरच्या आमच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण हीच प्रयोगशाळा झाली. आईनं एकदा पिशव्यांकडे पाहिलं, एकदा मांडणीकडे पाहिलं आणि विचारलं, "अन् आपुन जेवाचं कायच्यात? रेतीवर का?"

बाबांनी मार्ग काढला. ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंपावर होते आणि पंपाच्या रस्त्याला पळसाची झाडं होती. त्या वर्षीची दिवाळी आम्ही पत्रावळीवर जेवलो. पातळ वरण पानाच्या टाचणीतून निसटून खालच्या फरशीवर जायचं, म्हणून आईनं वरण घट्ट करायला सुरुवात केली आणि मग तेच आम्हाला आवडायला लागलं. आठ ताटं घरची, दोन पराती बुद्धविहाराच्या भांड्यांतून, एक परात समोरच्या घरून आणि एक आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सुलोचनाकाकूंकडून. अंगणात खाटेवर, ओट्यावर, पाण्याच्या टाकीवर अशी बारा भांडी मांडलेली आणि प्रत्येकाखाली नंबराची चिठ्ठी. काकूंच्या परातीत नऊ नंबर होता.

त्या दिवसांचे आवाज मला अजून आठवतात. रेती वाळत आली की ताट हलवल्यावर तिचा आवाज बदलतो. ओली असताना ती मुकी असते, अर्धी वाळली की खरखरते आणि पूर्ण वाळली की स्टीलवरून बारीक सर्र आवाज करत धावते. मी तासातासानं उठून ताटं हलवायची. आई शेजारी बसून चकल्या तळायची, तेलाचा वास अंगणभर, आणि मध्येच विचारायची, "शिजली का तुयी?" मी म्हणायची, "नाही अजून." कोकणात मी कुणाला 'रेती' म्हटलं की लोक क्षणभर थांबून 'वाळू म्हणताय का' असं विचारायचे. पुस्तकातही वाळूच लिहिलेली. पण आमच्या घरात आली त्या दिवसापासून ती रेतीच झाली आणि या लिखाणातही मी तिला तेच म्हणणार आहे.

माझा विषय थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका किनाऱ्यावरून ठराविक अंतरावर बारा ठिकाणची रेती मी डब्यानं मापून घेतली होती. तिचे दोन हिशेब करायचे होते. पहिला, कणांच्या आकाराचा. एकावर एक चाळण्यांची चळत असते, वरची मोठ्या भोकांची, खाली खाली बारीक. रेती वरून टाकायची, यंत्रावर हलवायची आणि प्रत्येक चाळणीवर किती ग्रॅम उरली ते मोजून आलेख काढायचा. दुसरा हिशेब जड खनिजांचा. ब्रोमोफॉर्म नावाच्या जड द्रवात रेती टाकली की साधे पांढरे कण तरंगतात आणि जड कण तळाशी बसतात. ते काढून, काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली तीनशे कण मोजायचे, एकेक ओळखून. हे जड कण म्हणजे रेतीचा पत्ता. ती कोणत्या खडकातून झिजून आली ते त्यांच्यावरून कळतं. त्या किनाऱ्यामागे सगळा काळा खडक, बेसाल्ट. म्हणून तिथल्या रेतीत ऑजाइटचे हिरवट तपकिरी कण आणि चुंबकाला धावून चिकटणारे काळे कण यांचंच राज्य असायला हवं होतं. ब्रोमोफॉर्मला एक गोडसर, डोकं धरणारा वास असतो. आजही औषधाच्या दुकानात कधी तसा वास आला तर माझा हात आपोआप बाटलीची तोटी बंद करायला जातो.

सुट्या संपल्यावर कोरड्या पिशव्या घेऊन मी नागपूरला गेले. पहिल्याच दिवशी वजनं केली. सगळ्या पिशव्या एकाच डब्यानं भरलेल्या असल्यानं मीठ-पाणी गेल्यावर त्या सारख्याच भरायला हव्या होत्या. अकरा पिशव्या चारशे साठ ते चारशे पंच्याऐंशी ग्रॅमच्या मध्ये आल्या. नऊ नंबर पाचशे सतरा. मी तराजू पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा ठेवली, पाचशे सतरा. नोंद केली आणि पुढे गेले. डबा दाबून भरला असेल, असं मनाशी म्हटलं.

फेब्रुवारीत काचपट्ट्यांचं काम सुरू झालं. एक ते आठ निमूट पार पडले. ऑजाइट, ऑजाइट, काळा, ऑजाइट. नवव्या पट्टीत चौथाच कण फिकट गुलाबी निघाला आणि सूक्ष्मदर्शकाची दुसरी काच लावल्यावर पूर्ण काळा झाला, कसाही फिरवला तरी काळाच. गार्नेट. मग गवताच्या काडीच्या पिवळ्या रंगाचा एक, स्टॉरोलाइट. तीनशेत एकसष्ट गार्नेट आणि बावीस स्टॉरोलाइट. त्या किनाऱ्यावर यातला एकही असायला नको होता.

गावंडे सरांना बोलावलं. सर उंच होते, सूक्ष्मदर्शकावर वाकताना त्यांचा चष्मा कायम कपाळावर असायचा. त्यांनी खूप वेळ पाहिलं. मान वर केली तेव्हा चेहरा लहान पोरासारखा झालेला. "सुजाता, हे दक्षिणेकडून आलंय. तिकडे खाली असे खडक आहेत. किनाऱ्याला लागून प्रवाह रेती वर ढकलतो, असं मी किती वर्षं म्हणतोय आणि कोणी ऐकत नाही. आता बघ." ते खोलीभर फिरले, पुन्हा येऊन पाहिलं. मग थांबले आणि एकदम हळू बोलले, "किंवा मग भेसळ आहे. आणि भेसळ असेल तर नवव्याची एकट्याची नाही. बाकी अकरांवर तरी कोण विश्वास ठेवणार?"

इथे काय पणाला लागलं होतं ते स्पष्ट सांगते. प्रबंध त्याच सत्रात द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष जाणार, आणि माझी वसतिगृहातली जागा अभ्यासक्रमापुरतीच होती. दुसऱ्या वर्षी नागपुरात राहण्याची सोय आमच्याकडे नव्हती. रेती पुन्हा आणायला जाणंही शक्य नव्हतं. म्हणजे एक तर नवव्या पिशवीला प्रवाहाचा शोध म्हणायचं, सरांना आनंद द्यायचा आणि परीक्षेत कुणी खोदून विचारलं तर बघू; नाही तर ती भेसळ आहे म्हणायचं आणि बाकी अकरा पिशव्या स्वच्छ आहेत हे सिद्ध करायचं. शिवाय घरचा शब्दही पणाला लागला होता. बाबांनी सौंसरच्या बस स्टॅण्डपासून लोधीखेड्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपली पोट्टी समुद्र तपासून राहिली.

उत्तर मला आकाराच्या आलेखात सापडलं, आणि ते मी स्वतः शोधलं याचा आजही मला अभिमान आहे. नवव्याच्या आलेखाला दोन उंचवटे होते. पहिला बारीक रेतीचा, बाकी अकरांसारखाच. दुसरा जाड रेतीचा, आणि तो शून्य दशांश सहा मिलिमीटरपाशी एकदम तुटलेला, कुणी पाटीवरची रेघ पुसावी तसा. त्याच्यावरच्या चाळणीत जवळजवळ काहीच नाही. समुद्र असं करत नाही. नदीही करत नाही. पाणी रेती निवडतं तेव्हा थोडे मोठे, थोडे लहान कण मागे-पुढे राहतातच. आलेखाला शेपूट असतं. शेपूट नसणारा आलेख मी एकच पाहिला होता, प्रयोगशाळेतल्या चाळणीखाली पडलेल्या रेतीचा. म्हणजे नवव्यात मिसळलेली रेती आधी कुणीतरी चाळली होती. प्रवाहाच्या हातात चाळणी नसते.

मी हे सरांना सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग म्हणाले, "ठीक. माझा प्रवाह गेला. पण 'कुणीतरी चाळली' एवढं सांगून भागणार नाही. कुणी, कशानं, कोणती रेती, ते आणून दाखव. तर अकरा वाचतील."

शनिवारच्या बसनं सौंसरला आले. आई भाकरी थापत होती. मी विचारलं, नऊ नंबरच्या परातीला कुणी हात लावला होता का? आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "मी नाही लावला. पन सुलूची परात होती ना थे."

सुलोचनाकाकू ओट्यावर हरभरा सोलत होत्या. मी शेजारी बसले आणि दोन शेंगा सोलून झाल्यावर सरळ विचारलं.

"हाव, घेतलती की," काकू म्हणाल्या. "एकच वाटी. पाव्हणे आलते, भुईमुगाच्या शेंगा भुंजाच्या होत्या. माही भुंजाची रेती कोंबड्यांनं उधळून टाकली. तुयी कशी बारीक, झ्यॅक, समुद्राची! शेंग कशी एका तालात भाजली, काय सांगू. काहून व, काय झालं?"

"काकू, विचारायचं तरी."

"कोनाले विचारू? तू गेलती विहारात, माय गेलती बजारात. अन् मी फुकट घेतली का?" त्यांचा आवाज चढला. "तवाच वापस केली! आमच्या न्हानीच्या बांधकामाची कन्हानची रेती पडून होती, थे पिठाच्या चाळनीनं चाळली, कचरा नको म्हनून. वाटी भरून देल्ली. भरून म्हंजे शीग लावून! उसनं घेतलं का शीग लावून द्याचं, माह्या मायनं शिकवलं हाय मले. कमी निंगाली का?"

"नाही काकू. जास्त निघाली."

"मंग?"

मी हसायला लागले ते थांबेचना. पाचशे सतरा ग्रॅम! बाकीच्यांतल्या सर्वांत जड पिशवीहूनही बत्तीस ग्रॅम वर जाणारा तो आकडा म्हणजे काकूंची शीग होती. कन्हान नदीच्या रेतीत आमच्या सौंसरच्या खडकातलं गार्नेट असतं, हे मला वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण माझ्या घराच्या भिंतीपलीकडे त्याचा ढीग पडला आहे हे डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे पीठ, साखर, विरजण, काहीही उसनं नेलं तर ते तसंच वस्तूला वस्तू परत येतं, थोडं जास्तच. रेतीला रेती देऊन काकूंनी त्यांच्या हिशेबानं व्यवहार चोख केला होता. दोन रेतींमध्ये फरक असतो असं मानणारी त्या गल्लीत मी एकटीच होते.

मी त्या ढिगातली किलोभर रेती घेतली आणि मग म्हटलं, "काकू, चाळणी पण लागते."

"कोन्ती?"

"पिठाची. नागपूरला नेते."

"अवं माय!" काकूंनी कपाळावर हात मारला. "अन् मी पोळ्या कायच्या करू? कोंड्याच्या? पाह्यजो हं, आठ दिवसांत वापस पाह्यजे. अन् तुमच्या त्या साहेबाले सांग, नवी चाळनी होती थे, भोकं बरोबर हायत."

बसमध्ये चाळणी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं तिकीट फाडत विचारलं, "नागपुरात पीठ चाळाले जाऊन राहिली का, ताई?" मी म्हटलं, हो. त्या दिवशी मला कुणाचंच काही लागलं नसतं.

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या आठवड्यांपैकी एक होता. काकूंची चाळणी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि वीस भोकं मोजली. सरासरी शून्य दशांश सहा मिलिमीटर, अगदी जिथे आलेख तुटला होता तिथे. मग कन्हानची रेती त्या चाळणीनं चाळली आणि तिची काचपट्टी केली. गुलाबी आणि पिवळे कण, नवव्यातलेच. शेवटी मी माझी स्वतःची भेसळ केली. आठ नंबरची जागा किनाऱ्यावर नवव्याच्या सर्वांत जवळची. तिची अर्धी रेती घेतली, अर्धी काकूंची चाळलेली, आणि चाळण्यांच्या चळतीवर ठेवून यंत्र चालू केलं. यंत्र बंद झाल्यावर वजनं केली, ट्रेसिंग पेपरवर आलेख काढला आणि नवव्याच्या आलेखावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. दोन उंचवट्यांवर दोन उंचवटे, तुटक्या टोकावर तुटकं टोक. गावंडे सर मागे येऊन उभे होते ते मला कळलंच नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन्ही कागद एका बोटानं दाबून धरले आणि म्हणाले, "हे माझ्या प्रवाहापेक्षा चांगलं आहे." असं मोकळेपणानं म्हणू शकणारा माणूस मला शिक्षक म्हणून मिळाला. नंतर नोकरीत मी स्वतः पोरांची कामं तपासली तेव्हा ते वाक्य म्हणायला किती मोठं मन लागतं ते समजलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते वयस्कर, कोरडे, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले. माझा प्रबंध त्यांनी मागून पुढे चाळला. उपकरणांच्या यादीशी थांबले आणि मोठ्यानं वाचलं, "पिठाची चाळणी, एक." खोलीत कुणी हसलं नाही, कारण ते हसले नव्हते. "ही घरगुती भाषा प्रबंधात कशाला?"

"सर, ती पिठाचीच आहे. दुसरं काही म्हटलं तर खोटं होईल."

त्यांनी पान उलटलं. "बरं. नववा नमुना तुम्ही सरासरीतून काढला, कारणासह ठेवला, मान्य. पण वाळू तुमच्या अंगणात होती. वारा होता, माणसं होती, कोंबड्या होत्या. बाकी अकरा नमुन्यांत एखादी चिमूट गेलीच नाही, हे कशावरून?"

याच प्रश्नासाठी मी आले होते. "सर, प्रत्येक पट्टीत तीनशे, असे अकरा पट्ट्यांत तीन हजार तीनशे कण मोजले. कन्हानची चिमूट गेली असती तर गार्नेट दिसलं असतं. अकरांमध्ये गार्नेट शून्य, स्टॉरोलाइट शून्य."

"शून्य लिहायला सोपं असतं."

"पट्ट्या इथे आहेत, सर. कोणतीही घ्या."

गावंडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जरा जास्तच ताठ बोलले असेन. परीक्षकांनी पेटी ओढली, अकरामधून तीन उचलल्या, त्यातली एक पुन्हा ठेवून दुसरी घेतली आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. ते पट्टी एका कोपऱ्यातून सुरू करून शेतात नांगर फिरावा तशी ओळीनं सरकवत होते, मी करायची तशीच. बाहेर व्हरांड्यात कुणी बादली घासत होतं. पहिली पट्टी काढून बाजूला ठेवली. दुसरी. तिसऱ्या पट्टीवर ते एका जागी थांबले, दुसरी काच लावली, पट्टी गोल फिरवली, परत फिरवली. मग त्यांनी मान वर केली, डोळे चोळले आणि गावंडे सरांना उद्देशून म्हणाले, "एकही नाही." आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, "चाळणी परत केली का त्या बाईंना?"

"केली, सर."

"धुऊन?"

"हो."

"मग काही अडचण नाही," म्हणाले आणि तिथेच सही केली. विभागात त्या वर्षी सर्वांत जास्त गुण माझ्या प्रबंधाला मिळाले. हे मी दुसऱ्या कुणी लिहायची वाट न पाहता स्वतःच लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

सौंसरच्या स्टॅण्डवर संध्याकाळची बस लागली तेव्हा बाबा पंपाच्या ड्यूटीवरून थेट तिथेच आले होते, सायकल चहाच्या टपरीला टेकवून. मी खिडकीतूनच मान डोलावली. खाली उतरेपर्यंत त्यांनी टपरीवाल्याला, पंक्चरवाल्याला आणि बोरगावच्या बसची वाट पाहणाऱ्या अर्ध्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करून टाकलं होतं, "पोट्टीनं समुद्र पास केला!"

"समुद्र कोन्त्या वर्गात असते गा?" टपरीवाल्यानं विचारलं. "अन् किती मार्कानं पास?"

बाबांना मार्क माहीत नव्हते. पण मी पत्रात लिहिलेला एकच आकडा त्यांना आठवला आणि त्यांनी छाती काढली. "तीन हजार तीनशे दाने मोजले तिनं! एकही चुकला नाही!"

काटेकोर बोलायचं तर ते विधान बरोबर नव्हतं. मोजणीत चूक झालीच नाही असं कुणी कधी म्हणू शकत नाही. फार तर सापडली नाही एवढं म्हणता येतं. मी तोंड उघडलं, बाबांचा चेहरा पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा एक आकडा दुरुस्त न करता तसाच जाऊ दिला.